पिलारचा बैल

विजूमावशी,

तुझी शिंगं आता माझ्याकडे आहेत. शनिवारी संध्याकाळी हॅरोहून लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनने आणली. दोन मोठ्या पिशव्या एकीत एक घातल्या होत्या, तरी एक टोक बाहेर डोकावतच होतं. समोरच्या बाईंनी बराच वेळ त्या टोकाकडे बघितलं आणि मग अगदी नम्रपणे विचारलं, ही खरी आहेत का. मी म्हटलं, हो, माझ्या मावशीची होती. त्या पुढच्याच स्टेशनला उतरल्या आणि शेजारच्या डब्यात चढल्या, मला दिसलं. तू असतीस तर हसता हसता तुला ठसका लागला असता.

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिही असं मला सांगितलंय. जन्म, शिक्षण, शाळेतली नोकरी, मंडळाचं काम आणि शेवटी शांती वगैरे. मी नाही लिहिणार. एक तर शांतता तुला कधी मानवली नाही. आणि दुसरं, आपलं भांडण अर्धवट असताना तू मधूनच उठून गेलीस, हे मला अजिबात मान्य नाही. तेव्हा मी तुझ्याशीच बोलणार. बाकीच्यांनी ऐकावं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी भांडण सांगते. मी, केतकी, शाळा संपल्यापासून बुलफाइटच्या विरोधात पत्रकं वाटते. तू, विजूमावशी, तरुणपणी स्पेनमध्ये एका बुलफायटर मुलीची तयारी करून घेतलीस. आणि हॉस्पिटलमध्ये, हातात सलाइन असताना, तू मला सांगितलंस की माझ्या शोकसभेला ती मुलगी स्पेनहून येईल, माझ्यासाठी शेवटचं कापड फिरवेल, आणि तिच्यासमोर शिंगं धरून बैल तू व्हायचंस. मी. मी म्हटलं, विचार करते. त्या दिवसानंतर आपलं बोलणं झालं नाही.

आपली पहिली भेट तुला आठवत असणारच, कारण ती तू सगळ्यांना सांगायचीस आणि दरवेळी त्यात माझा थोडा जास्त अपमान करायचीस. हॅरोच्या स्टेशनबाहेर मी उभी होते. स्पेनच्या सहलीत बुलफाइटचं तिकीट घालून विकणाऱ्या कंपन्यांच्या विरोधातलं पत्रक होतं. लोक पत्रक घेतात, पुढच्या डस्टबिनपर्यंत नेतात आणि टाकतात, हे मला पाठ होतं. तू घेतलंस आणि तिथेच थांबून वाचायला लागलीस. मग पर्स उघडून लाल पेन काढलंस.

"केतकी," माझ्या छातीवरचा बॅज वाचून तू म्हणालीस, सरळ मराठीत, "हे तू लिहिलंस?"

"आमच्या गटाने."

"गटाने लिहिलेलं असंच दिसतं. इथे बघ, 'हे पुरुष'. इथे परत 'हे पुरुष'. बायका कुठे गेल्या?"

"बायका नसतात त्यात."

"कोण म्हणतं? असतात. मोठ्या रिंगणात उभ्या राहतात, तलवार घेतात आणि पुरुष मारतात तसाच बैल मारतात. तुला शिव्याच घालायच्या आहेत ना? मग सगळ्यांना समान घाल. अर्धं काम करू नये."

मी चिडले. चिडले की मी 'तुम्ही'वर येते. "तुम्ही त्यांच्या बाजूच्या आहात का?"

"बाजू काय बस आहे, आली की चढायला? थंडीने ओठ निळे पडलेत तुझे. चल, चहा देते. आणि मावशी म्हण. मावशीला कोणी तुम्ही म्हणत नाही."

तुझ्या घरी भिंतीवर बैलांची पोस्टरं असतील अशी माझी तयारी होती. घरात घुसल्या घुसल्या काय बोलायचं ते मी वाटेतच ठरवलं होतं. भिंतीवर तुझ्या शाळेतल्या मुलांनी काढलेली फळांची चित्रं होती, खाली स्पॅनिश नावं. सफरचंदाचं स्पेलिंग चुकलेलं होतं आणि तू ते मुद्दाम तसंच ठेवलं होतंस. माझं सगळं भाषण वाया गेलं.

मग मंगळवार ठरले. तू मला स्पॅनिश शिकवणार, म्हणजे मला स्पॅनिश लोकांशी त्यांच्याच भाषेत भांडता येईल. मला वाटलं, शिव्यांपासून सुरुवात होईल. तू सुरुवात केलीस 'माफ करा, मला जरा विचारायचं होतं' इथून. म्हणालीस, पत्रक हातात देण्याआधी हे लागतं. तोवर मी लोकांच्या हातात पत्रक कोंबत होते. मावशी, तुझ्या त्या एका वाक्याने माझी पत्रकं डस्टबिनमध्ये जायची जरा कमी झाली. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू फुगली असतीस.

पिलारची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक वेळा स्पॅनिशचा भूतकाळ शिकताना. पुण्यात स्पॅनिश शिकून तू एका वर्षासाठी सालामांकाजवळच्या गावात गेलीस आणि पिलारच्या आईकडे खोली घेऊन राहिलीस. पिलार तुझ्याहून लहान. तिला बुलफायटर व्हायचं होतं. बाईने पायांवर उभं राहून बैलासमोर जायला स्पेनमध्ये कित्येक वर्षं बंदी होती. घोड्यावर बसून चालायचं, जमिनीवर उतरून नाही. ती बंदी तेव्हा नुकतीच उठली होती. कायदा बदलला होता, गावातली पोरं बदलली नव्हती.

ती पोरं खाटीकखान्याच्या अंगणात सराव करायची. सराव म्हणजे बैलाशिवाय. एकाने खरी शिंगं दोन्ही हातांत धरायची, कमरेशी, मान खाली घालायची आणि कापडावर धावत जायचं. दुसऱ्याने कापड फिरवून त्याला अंगाजवळून काढायचं. मग पाळी बदलायची. आज तू बैल, उद्या मी. सगळे असेच शिकतात. पिलार त्यांच्यासाठी बैल झाली, पाळी येईल तेव्हा, तक्रार न करता. तिची पाळी आली की सगळ्यांना घरी कामं आठवायची. तिच्यासाठी बैल व्हायला एकही जण तयार नव्हता. बाईसमोर मान खाली घालून धावायचं म्हणजे काय.

"मला मान खाली घालायचा काही प्रॉब्लेम नव्हता," तू म्हणायचीस. "पुण्यात जन्मभर तेच केलं होतं. तिथे निदान हातात शिंगं होती."

म्हणून तू बैल झालीस. बेलबॉटम घालून, लांब वेणीची गाठ मारून, ती सुटली की शिंगात अडकायची. पोरं भिंतीवर बसून तुला हिंदुस्थानी गाय म्हणायची. तू त्यांना सांगितलंस, आमच्याकडे गायीला नमस्कार करतात, या एकेक जण खाली. आणि एक खरंच आला, असं तुझं म्हणणं होतं. ते खरं की तुझी भर, हे मी पिलारला विचारायचं ठरवलं होतं आणि विसरले.

पिलारला पोशाख लागणार होता. गावातल्या शिंप्याने बाईचं माप घ्यायला नकार दिला. कोणाचा तरी जुना पोशाख मिळाला, त्याचं सोनेरी भरतकाम झडलेलं. तू पेटीतून तुझा शालू काढलास, काठ कापलेस आणि तिच्या जॅकेटला शिवून दिलेस. पुण्यात तुझ्या आईला पत्र गेलं की शालू चोरीला गेला. स्पेनमध्ये चोऱ्या फार होतात, असं तुझ्या घरातले लोक अजून सांगतात, आणि मी ऐकून घेते.

पण काठ लावून पोस्टरवर नाव येत नाही. तिच्याबरोबर एका कार्यक्रमात उतरायला मोठे बुलफायटर तयार नसत. बाईबरोबर नाव छापलं गेलं तर आपली किंमत उतरेल. लहान गावांत तिला बोलावत, तेही गंमत म्हणून, आणि ती कापड उघडायच्या आत वरून कोणीतरी ओरडे, घरी जाऊन भांडी घास. काही वर्षं तिने हे काढलं आणि मग तिने ड्रायव्हिंग स्कूल काढलं. तू म्हणायचीस, गावातल्या ज्या पोरांनी तिच्यासाठी बैल व्हायला नकार दिला, त्यांच्या मुलांना तिने रिव्हर्स घ्यायला शिकवलं.

हे ऐकताना मला दोन्हीकडून राग यायचा, मावशी, आणि मला दोन्हीकडून राग यायची सवय नव्हती. पत्रकात एकच बाजू असते, म्हणून तर ते एका कागदावर मावतं. मी म्हणायचे, एका वाईट गोष्टीत बायकांना घेतलं नाही, यात रडायचं काय? बरंच झालं. तू म्हणायचीस, वाईट आहे म्हणून घेतलं नव्हतं का? वाईट असतं म्हणून बायकांना लांब ठेवलं असतं तर जगात बायकांना कुठेच घेतलं नसतं. मी म्हणायचे, बैलाला काय फरक पडतो तलवार कोणाच्या हातात आहे याने? तू म्हणायचीस, बैलाला नाही पडत. पिलारला पडतो. दोघांचं एकाच वेळी खरं असू शकतं. पोहे घे.

एकदा मात्र मी जिंकले होते. ते लोक असं मानतात, तूच सांगितलं होतंस, की बैलाचं धाडस त्याच्या आईकडून येतं. म्हणून फार्मवर ते गायींची परीक्षा घेतात, कोणती गाय मागे हटत नाही ते बघतात, आणि तिची वासरं रिंगणासाठी ठेवतात. मी म्हटलं, म्हणजे धाडस बाईकडूनच येतं हे त्यांनाही माहीत आहे, आणि त्याच रिंगणात बाईला बंदी. तू चमचा खाली ठेवलास. म्हणालीस, केते, हे पत्रकात टाक. मी टाकलं. त्या पत्रकावर तू एकही लाल खूण केली नाहीस. ते मी फ्रेम करून ठेवलंय, हेही तुला माहीत नव्हतं.

आणि मागच्या वर्षीची ती जाहिरात. एका सहल कंपनीने बुलफायटर बाईचा मोठा फोटो लावला, झगमगीत पोशाख, वर मान, आणि खाली लिहिलं की आता हा खेळ सगळ्यांचा आहे. माझं डोकंच फिरलं. बाईला पुढे करून बैल मारायचा आणि वर आपण पुरोगामी. मी फोनवर तुला एका दमात सगळं ऐकवलं. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "पिलारला असं पोस्टर कधी मिळालं नाही." मी म्हटलं, मावशी, मुद्दा तो नाही. तू म्हणालीस, "माझा तोच आहे." आणि फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी मी त्या कंपनीच्या दुकानाबाहेर पत्रकं वाटत उभी होते तर तू बसमधून उतरलीस, थर्मास दिलास, अर्धी पत्रकं माझ्या हातातून घेतलीस आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन वाटायला लागलीस. लाल पेनाने प्रत्येकावर काहीतरी लिहीत होतीस. काय लिहीत होतीस ते तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

तीच सरावाची शिंगं, स्पेनहून आणलेली, तुझ्या गॅरेजमध्ये, लॉनमोअरच्या वर खिळ्याला टांगलेली असायची. मी त्यांना कधी हात लावला नाही. तत्त्व म्हणून. ती एका मेलेल्या जनावराची होती आणि ते जनावर कसं मेलं ते मला माहीत होतं. तू कधी आग्रहही केला नाहीस. फक्त एकदा, मी बागेतली खुर्ची आणायला गेले तेव्हा, तू मागून म्हणालीस, "सरावाच्या बैलाने नेहमी सरळ धावायचं असतं. कापडाकडे बघायचं, माणसाकडे नाही. खरा बैल पहिल्यांदा तसाच धावतो. मग तो शिकतो."

"काय शिकतो?"

"की कापड म्हणजे काहीच नाही. माणूस मागे आहे. म्हणून रिंगणात आणायच्या बैलाला आधी कधी कापड दाखवलेलं नसलं पाहिजे. एकदा बघितलेला बैल विसरत नाही. तो कापड सोडतो आणि थेट अंगावर येतो."

मी तिथेच खुर्ची ठेवली. "मग हा बरोबरीचा सामना कसला? ज्याला काही कळू द्यायचं नाही अशी आधीच व्यवस्था केली, त्याच्याशी?"

"हं," तू म्हणालीस.

"हं काय? उत्तर दे."

"खुर्ची घे. सूप निवतंय."

मला वाटलं, तुझ्याकडे उत्तर नाही. मी आठवडाभर खूश होते.

हॉस्पिटलमध्ये तू जेव्हा ते बैलाचं काम सांगितलंस तेव्हा मी म्हटलं ना, विचार करते. तू डोळे मिटूनच हसलीस. "विचार करणारा बैल चालत नाही गं. तिथेच तर सगळं अडतं." मग नर्सबाई तुझं ब्लडप्रेशर घ्यायला आल्या आणि तू त्यांना स्पॅनिशमध्ये 'माफ करा, मला जरा विचारायचं होतं' म्हणून दाखवायला लागलीस. त्या बिचाऱ्या केरळच्या होत्या.

म्हणून शनिवारी मी गटाचा टी-शर्ट घालूनच हॉलवर गेले, वरून स्वेटर. मनात पक्कं होतं, नाही म्हणायचं. पिलारला नीट, व्याकरणशुद्ध नाही म्हणायचं, ते वाक्य मी ट्रेनमध्ये घोकलं होतं. तू मला जे शिकवलंस त्यानेच तुला नकार द्यायचा, यात मला थोडी गंमतही वाटत होती.

हॉलवर काय चालू होतं ते तू बघायला हवं होतंस. पोळ्याच्या कार्यक्रमाला मंडळाने एकदा तुझी ती शिंगं नेली होती ना, सगळ्यांना तेच आठवत होतं. माझ्या आईने आणि मंडळातल्या बाकीच्या मावश्यांनी शिंगं धुऊन, त्यांना हिंगूळ लावून, लोकरीचे गोंडे बांधून, हळदकुंकू वाहून तुझ्या फोटोसमोर मांडली होती. वर झेंडूचा हार. पिलार आली आणि दारातच थांबली. उंच, सडपातळ, पांढरे केस मागे बांधलेले, पायात पांढरे चालायचे बूट, आणि अंगात ते जॅकेट. बटणं लागत नव्हती. शालूचे काठ तसेच होते, झळझळीत.

तिने शिंगांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे काय आहे?"

मी सांगितलं की आमच्याकडे एक दिवस असतो. बैलाला अंघोळ घालतात, सजवतात, पुरणपोळी भरवतात, मिरवतात. त्या दिवशी त्याला काम नाही.

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी गोठ्यात."

"मारत नाहीत?"

"नाही. दुसऱ्या दिवशी परत नांगराला जुंपतात." मी प्रामाणिक आहे, मावशी. पोळ्याबद्दलही माझं काही फार चांगलं मत नाही.

पिलारने लोकरीचा एक गोंडा बोटांवर घेऊन बघितला. "बिखायाने हे कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. स्पॅनिश उच्चारात तुझं नाव बिखाया होतं आणि ती तुला तेच म्हणते हे तू मला सांगितलं होतंस, पण ते तिच्या तोंडून ऐकल्यावर एकदम तू वीस वर्षांची झालीस.

तेवढ्यात मावश्यांचं लक्ष जॅकेटकडे गेलं आणि शोकसभा संपली. सगळ्या पिलारभोवती. कोणी काठ उलटून बघतंय, कोणी विचारतंय हा काठ आता कुठे मिळतो, आणि मला प्रत्येक वाक्य स्पॅनिशमध्ये करावं लागत होतं. आई म्हणाली, "अगं, चोरीला गेलेला शालू तो हाच." तिने पुढे होऊन पिलारची कॉलर सरळ केली, जशी माझी करते.

मग सगळे मागच्या हिरवळीवर गेले. पिलारने पिशवीतून मोठं कापड काढलं, एका बाजूने गुलाबी, दुसऱ्या बाजूने पिवळं, जागोजागी रफू केलेलं. ती मधोमध उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी माझं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात कुलकर्णींचा तो भाचा, बँकेतला, गेल्या वर्षी मुंबईहून आलेला, म्हणाला, "अरे मी होतो बैल, त्यात काय." शिंगं उचलून त्याने डोक्यावर धरली आणि हंबरला. लोक हसले. पोरं तर गडबडा लोळली. तो डोकं हलवत पिलारभोवती नाचला, मोबाइलवर कोणीतरी शूट करायला लागलं. पिलार कापड धरून उभीच होती. हसत होती, पाहुणी म्हणून. तो चेहरा मी ओळखला, मावशी. मी तो कधी बघितला नव्हता पण ओळखला. 'भांडी घास' ऐकलेला चेहरा होता तो.

"आण इकडे," मी म्हटलं.

"अगं गंमत करतोय. चिल."

"दे ती शिंगं. कमरेशी धरतात, डोक्यावर नाही."

हे मी विचार करून केलं नाही. तुझं म्हणणं खरं ठरलं म्हणून खूश होऊ नकोस. स्वेटर काढला, गटाचा टी-शर्ट, त्यावर बैलाचं चित्र, आणि हातात हिंगूळ लावलेली शिंगं. त्यांना मी पहिल्यांदा हात लावला. वाटलं होतं त्यापेक्षा खूप जड होती. तू ती घेऊन वर्षभर धावलीस, वेणीसकट.

मान खाली घातली आणि धावले. कापड समोर आलं, सरकलं, माझ्या कानाजवळून सळसळत गेलं आणि मी पलीकडे रिकाम्या गवतावर. वळले. परत. या वेळी तिने मला तिच्या इतक्या जवळून काढलं की जरीचा काठ माझ्या गालाला घासला. हॉलच्या दारातून कोणीतरी हळूच 'वा' म्हणालं. मला राग आला की मलाही तेच म्हणावंसं वाटलं. त्या बाईला येत होतं, मावशी. सत्तरीला आलेली बाई, चालायचे बूट घालून, आणि अंगातला प्रत्येक स्नायू जागच्या जागी. आणि असं येणाऱ्या बाईला त्यांनी भांडी घासायला सांगितलं. हे मी माझ्या तत्त्वांना सोडून म्हणत नाहीये. हे तत्त्वातच बसवायला लागणार आहे, आणि पत्रक आता एका कागदावर मावणार नाही.

तिसऱ्या वेळी धावताना मी डोळे वर केले. करायचे नसतात, तू सांगितलं होतंस. कापडाच्या खाली मला तिचे पांढरे बूट दिसले. आणि मी कापड सोडलं आणि बुटांकडे वळले. का, ते माहीत नाही. पाय आपोआप गेले.

पिलारने एक पाऊल मागे घेतलं, तळहात माझ्या कपाळावर ठेवला आणि मला जागच्या जागी थांबवलं. मग ती मोठ्याने हसायला लागली. इतकं की तिला कापड टाकून गुडघ्यांवर हात ठेवावे लागले.

"बिखाया," ती म्हणाली. "अगदी बिखाया. तीही तिसऱ्यालाच वळायची. दर वेळी. मला दोनदा पाडलंय तिने."

"पण तीच म्हणायची सरळ धावायचं असतं."

"इतरांना सांगायची. मला म्हणायची, बैल काय मूर्ख आहे का. त्याला कळतं हे विसरू नकोस."

आम्ही पायरीवर बसलो. आईने तिला चहा आणून दिला, आपला, आलं घातलेला, आणि तिने तो पहिल्यांदा पीत असल्यासारखा प्यायला. मी विचारलं, विजूमावशीला तुमची कोणती बुलफाइट सगळ्यात आवडायची? खरं तर मला हे हवं होतं की तू काहीतरी सांगितलेलं असशील आणि मला त्यावर तुझ्याशी भांडता येईल.

पिलार म्हणाली, "ती कधी आलीच नाही."

"कुठे?"

"रिंगणात. एकदाही नाही. माझ्याबरोबर गावोगाव यायची, जॅकेटची बटणं लावून द्यायची, दरवाज्यापर्यंत यायची. आत नाही. बाहेर पायरीवर बसून राहायची, माझी आई आतून ओरडून काय काय झालं ते सांगायची. मी एकदा भांडले तिच्याशी. म्हटलं, तू मला तयार केलंस आणि तूच बघत नाहीस. तर म्हणाली, पिलार, मी तुझा बैल आहे. मी कसं बघू?"

मावशी.

इतकी वर्षं. इतके मंगळवार. मी तुझ्यासमोर बसून त्या रिंगणातली एकेक गोष्ट तुला वर्णन करून सांगत होते, तुला शरम वाटावी म्हणून, आणि तू पोहे वाढत होतीस. मी म्हणायचे, तू डोळ्यांनी बघितलंस आणि तरी. तू कधी म्हणाली नाहीस की मी नाही बघितलं. एका वाक्यात मी गप्प बसले असते. कदाचित म्हणूनच नाही म्हणालीस. मी गप्प बसलेली तुला आवडत नसे.

आता मला मोह होतोय लिहायचा की तू आमच्या बाजूची होतीस. तू बसचं वाक्य परत म्हणशील, म्हणून नाही लिहीत. तू पिलारसाठी शालू कापलास आणि तिच्या बैलासाठी बाहेर बसलीस. ज्याला हे विसंगत वाटेल त्याने माझ्याशी येऊन भांडावं. मंगळवार रिकामे आहेत.

तो व्हिडिओ आमच्या गटात पोचला, अर्थातच. एकीने विचारलं, केतकी, हे काय होतं? मी म्हटलं, मी बैलाच्या बाजूने होते, नीट बघ. तिला पटलेलं नाही. पुढच्या मीटिंगला विषय आहे. मी शिंगं घेऊन जाणार आहे.

पिलार रविवारी परत गेली. जाताना तिने माझ्याकडे पत्रक मागितलं. मी जरा घाबरतच दिलं, स्पॅनिशमधलं, तुझ्याशिवाय लिहिलेलं पहिलं. विमानात वाचते, म्हणाली. काल तिचा व्हॉइस मेसेज आला. माफ करा, मला जरा सांगायचं होतं, अशी सुरुवात. पत्रकाबद्दल तिची बरीच मतं आहेत आणि बहुतेकांवर आम्ही भांडणार आहोत. पण एक दुरुस्ती तिने आधी सांगितली. मी लिहिलं होतं, त्या मुक्या जनावराला शेवटपर्यंत काही कळत नाही. ते काढ, ती म्हणाली. कळतं. आम्हा सगळ्यांना माहीत असतं की त्याला कळतं.

मी ते वाक्य खोडलंय, मावशी. तुझ्या फोनजवळच्या कपातून मी लाल पेन आणलं होतं, तुझं घर आवरणाऱ्या आईला विचारून. अजून चालतंय.